गालिचा धुणाऱ्याचा पाइप

दोंडाईचा हे सुरत-भुसावळ लोहमार्गावरचे स्टेशन. मिरचीचा हंगाम ओसरला, देठ खुडण्याचे आणि पोती उचलण्याचे काम थंडावले, की आपल्या वस्तीतील तरुण मंडळी सुरतेची नाही तर नाशिक-मुंबईची गाडी धरतात. पूर्वी ही मुले गिरणीत जात, बांधकामावर जात. आता त्यांच्यातली काही हॉटेले, दवाखाने, मोठे बंगले यांच्या साफसफाईच्या ठेक्यांवर असतात. गालिचे, सोफे, मोटारींच्या गाद्या यंत्राने धुऊन द्यायच्या हा त्यातलाच एक धंदा. इकडे गावातही लग्नसराई आटोपली की मंडपवाले आपली हिरवी-लाल कारपेटे आणि सतरंज्या पावसाच्या आत पंप लावून धुऊन घेतात. काम पाहायला सोपे वाटते. पण या कामात माणसाची मजुरी कोण बुडवतो असे विचाराल, तर यंत्र नव्हे, मोटार नव्हे, बहुतेक वेळा पाइप बुडवतो. तेव्हा या खेपेला आम्ही पाइपाविषयीच लिहिणार आहोत.

आमच्या माहितीतला एक मुलगा सुरतेला एका ठेकेदाराकडे असे काम करीत होता. कुणाच्या तरी दिवाणखान्यात सोफा धुताना पाइप जोडापाशी सुटला. गरम साबणाचे पाणी भिंतीवर, टीव्हीवर आणि त्याच्या स्वतःच्या मनगटावर उडाले. मनगट पोळले ते वेगळेच, वर ठेकेदाराने आठ दिवसांची मजुरी कापून घेतली. घरी आल्यावर तो एवढेच म्हणाला, "पाइप फुटी गया, दादा, मी काय करू?" त्याचा प्रश्न खरा आहे. पाइप त्याचा नव्हता, त्याने विकत घेतला नव्हता, आणि तो जुना झाला हे त्याला कुणी सांगितलेही नव्हते. मात्र तो फुटणार आहे हे कसे ओळखावे, एवढे त्याला कुणी शिकवले असते तर मजुरीही वाचली असती आणि मनगटही.

या यंत्राला दोन पाइप असतात हे आधी लक्षात घ्यावे. एक बारीक, साधारण बोटाएवढा. यातून साबणाचे पाणी जोराने पुढे जाते आणि हातातल्या दांड्याच्या तोंडाशी फवारा होऊन गालिच्यात शिरते. दुसरा जाड, मनगटाएवढा, वळ्यावळ्यांचा. तो मळलेले पाणी ओढून परत टाकीत आणतो. पहिला ढकलतो, दुसरा ओढतो. दोघांचे आजार वेगळे आणि दोघांचे औषधही वेगळे. एकाच्या उपायाने दुसरा बरा करायला जाणे हेच पुष्कळ ठिकाणी चालते.

बारीक पाइपात जोर किती असतो? मोटारसायकलच्या चाकात तीस पीएसआयच्या आसपास हवा असते. गालिचा धुण्याच्या लहान यंत्रात पाण्याचा जोर शंभरापासून पाचशे पीएसआयपर्यंत असतो. आपले मिस्त्री लोक याला सात किलोपासून पस्तीस किलोपर्यंत म्हणतील. मंडपवाले किंवा गाड्या धुणारे सर्व्हिसिंगवाले जो पंप वापरतात, त्याचा जोर शंभर किलोच्याही वर असतो. चाकाची ट्यूब फुटली तर माणूस दचकतो. इथे तर तिच्या कितीतरी पट जोर आपण हातात धरून दिवसभर वाकून उभे असतो.

असा पाइप म्हणजे नुसती रबराची नळी नव्हे. आत पाणी वाहून नेणारी गुळगुळीत नळी, तिच्यावर दोऱ्याची किंवा तारेची विणलेली जाळी, आणि जाळीवर वरचे आवरण. जोर सहन करते ती मधली जाळी. आवरणाचे काम फक्त जाळीला पाण्यापासून, घासण्यापासून, उन्हापासून वाचवणे. म्हणून आवरण फाटून जाळी उघडी पडली की "अजून गळत नाही ना, चालू द्या" असे म्हणण्यात अर्थ नाही. तारेची जाळी ओल लागून गंजते, दोऱ्याची झिजून तुटते, आणि मग एके दिवशी भर कामात पाइपाला फुगा येतो. फुगा दिसला की त्या पाइपाचे आयुष्य संपले. त्याच क्षणी यंत्र बंद करावे. तेवढा एक सोफा उरकून घेऊ हा मोह धरू नये.

पाइप बहुतेक टोकांशी फुटतो, मध्ये क्वचित. कारण सरळ आहे. टोकाला लोखंडी किंवा पितळी जोड असतो, तो वाकत नाही. त्याच्या लगेच पुढचा पाइप मात्र प्रत्येक ओढीला वाकतो. रोज त्याच दोन इंचांत तो वाकत राहतो आणि तिथली जाळी आतून तुटत जाते. म्हणून सकाळी काम सुरू करण्यापूर्वी दोन्ही टोकांची वीतभर लांबी हातात घेऊन, यंत्र बंद असताना, हळू वाकवून पाहावी. तडे, मऊ पडलेली जागा, जोडापाशी ओल, साबणाचा वाळलेला पांढरा डाग यांपैकी काही दिसले तर समजावे. टोकाशी स्प्रिंगचे किंवा रबराचे वेटोळे बसवलेले असेल तर ते काढून फेकू नये. ते शोभेचे नाही, वाकण्याचा ताण ते वाटून घेते.

यंत्र पुढे सरकवायचे म्हणून पाइप धरून ओढणारी मंडळी आम्ही पुष्कळ पाहिली आहेत. बैलाला वेसणीने ओढावे तसे यंत्र पाइपाने ओढतात. त्याला चाके आणि मूठ दिलेली असते ती कशासाठी? दहा पावले मागे जाऊन मूठ धरण्याचा कंटाळा पुढे नव्या पाइपाच्या किमतीला पडतो. जिन्याच्या कडा, दाराची चौकट, फरशीचा धारदार कोपरा यांवरून पाइप जात असेल तिथे जुने पायपुसणे किंवा गोणपाट घालावे. दाराच्या फटीतून पाइप नेला तर दाराला खुंट लावावी, नाही तर वाऱ्याने दार आपटते आणि पाइप चेपतो. अंगणात धूत असाल तर मोटारसायकलचे चाक त्यावरून जाऊ देऊ नये.

आता जोडाचे. खान्देशातल्या शेतात पाण्याच्या पाइपाला बांधणीची तार पिळून आवळणे हा सर्वांना येणारा उपाय. विहिरीवरच्या पाइपाला तो चालतो, कारण तिथे जोर कमी. गालिच्याच्या यंत्राला हीच तार आवळली की ती रबरात रुतते आणि स्वतःच पाइप कापते. पट्टीची क्लिपसुद्धा कमी जोराच्या, म्हणजे नळापासून यंत्रापर्यंतच्या पाइपासाठीच आहे. जोराच्या पाइपाचा जोड यंत्रात दाबून, प्रेस करून बसवावा लागतो. जेसीबी आणि ट्रॅक्टरचे हायड्रॉलिक पाइप प्रेस करून देणारे कारागीर मोठ्या गावांतून असतात, त्यांच्याकडे हे काम होते. टोकाशी खराब झालेला पण बाकी चांगला असलेला पाइप त्यांच्याकडून वीतभर कापून नव्याने प्रेस करून आणला तर अर्ध्याहून अधिक वेळा नवा घेण्याची गरज पडत नाही. मधोमध फुटलेल्याला मात्र चिकटपट्टी, सायकलच्या ट्यूबचा तुकडा, सुतळी यांनी गुंडाळणे म्हणजे फुटलेल्या मडक्याला कागद लावणे आहे. तो पाइप कापून टाकावा, म्हणजे उद्या दुसऱ्या कुणी उचलून वापरायला नको.

नवा पाइप घेताना दुकानदार तो बोटाने दाबून "पाहा किती जाड आहे" असे दाखवतो. जाडीवर जाऊ नये. चांगल्या पाइपाच्या अंगावर ओळ छापलेली असते: किती जोरापर्यंत चालतो, किती गरम पाण्याला चालतो, कधी बनला. ती ओळ वाचावी. जोराच्या पाइपांत चालवण्याचा जोर आणि फुटण्याचा जोर यांत साधारण चार पट अंतर ठेवलेले असते. कुणी म्हणेल, मग चारशेच्या पाइपात हजार चालवायला काय हरकत आहे? हरकत हीच की ते अंतर नव्या पाइपाचे आहे. ऊन, वाकणे, घासणे यांनी ते रोज थोडे थोडे खर्ची पडत असते. शिवाय दांड्याचा खटका झटकन सोडला की धावते पाणी एकदम अडते आणि क्षणभर पाइपात नेहमीपेक्षा जास्त जोर येतो. धक्के बसतात ते याचेच. पंपाला जोर परतवणारा व्हॉल्व्ह असतो. तो अडकला असेल तर हे धक्के वाढतात, म्हणून पाइप वारंवार फुटत असेल तर पाइपाला दोष देण्यापूर्वी तो व्हॉल्व्ह मिस्त्रीला दाखवावा.

गरम पाण्याचे वेगळे सांगितले पाहिजे. बागेला पाणी द्यायचा प्लास्टिकचा जाळीचा पाइप साधारण साठ अंशांच्या पुढे मऊ पडतो. गालिच्याला त्याहून गरम पाणी वापरणारी यंत्रे आहेत. मऊ पडलेला पाइप जोडातून निसटतो, फुटण्याचीही वाट पाहत नाही. वर सांगितलेल्या मुलाचे असेच झाले असावे असा आमचा अंदाज आहे. तेव्हा गरम पाण्याला गरम पाण्याचाच पाइप. आणि जेसीबीचा उतरवलेला जुना तेलाचा पाइप स्वस्तात मिळतो म्हणून आणू नये. तो कितीही धुतला तरी आतले तेल थोडे थोडे सुटत राहते, आणि गिऱ्हाइकाच्या पांढऱ्या गालिच्यावर ते दिसते.

इथवर पैशाचे झाले. आता हाताचे सांगतो, आणि हे घरातल्या बायाबापड्यांनीही वाचावे, कारण कामावरून आलेला माणूस स्वतः कधी सांगत नाही. पाइपाला टाचणीएवढे छिद्र पडले आणि त्यातून बारीक धार येऊ लागली, की माणूस सवयीने अंगठा लावून ती शोधतो किंवा दाबतो. हे कधीही करू नये. शंभर पीएसआयचा जोरही कातडी भेदायला पुरतो. धार आत शिरली की बाहेर फक्त मुंगी चावल्याएवढी खूण दिसते, पहिल्या तासात दुखतेही कमी. आत मात्र साबण, मळ आणि पाणी बोटाच्या शिरांच्या बाजूने पसरत जाते. संध्याकाळपर्यंत बोट सुजते, आणि उशीर झाला तर बोट गमवावे लागते. अशा वेळी हळद लावून, चिंधी बांधून झोपू नये. त्याच दिवशी, लगेच, शस्त्रक्रियेची सोय असलेल्या दवाखान्यात जावे आणि डॉक्टरांना स्पष्ट सांगावे की प्रेशरचे पाणी कातडीच्या आत गेले आहे, त्यात अमुक साबण होता. नुसते "लागले" म्हटले तर टिटॅनसचे इंजेक्शन देऊन घरी पाठवण्याचा संभव असतो. गळती शोधायची तर पुठ्ठ्याचा लांब तुकडा पाइपाच्या बाजूने फिरवावा, धार असेल तिथे पुठ्ठा भिजतो. त्याच्या आधी यंत्र बंद करून खटका दाबून जोर उतरवता आला तर उत्तमच.

दुसरा धोका विजेचा. पाइप गळतो ते पाणी फरशीवरून नेमके जोडबोर्डाकडे जाते. बोर्ड जमिनीवर न ठेवता स्टुलावर ठेवावा, वायरचे जोड पाण्यात नसावेत, आणि तीस मिलिअँपिअरवर वीज तोडणारे ईएलसीबीचे साधन ज्या ठेकेदाराच्या बोर्डाला नाही त्याच्याकडे ते मागावे. भीडभाड ठेवू नये.

काम संपल्यावर घाई होते हे आम्हांला कळते. शेवटची लोकल किंवा पॅसेंजर गाठायची असते. तरी क्रम चुकवू नये: आधी गरम करण्याचे बटण बंद, मग दोन मिनिटे साधे गार पाणी सोडून साबण धुऊन काढणे, मग यंत्र बंद, मग खटका दाबून धरून पाइपातला जोर पूर्ण उतरवणे, आणि त्यानंतरच जोड सोडणे. जोर असताना जोड सोडायला गेले की तो हातातून उडतो आणि पाइप सापासारखा फणा काढतो. आपल्याकडे बोअरचे पाणी जड. साबण आणि क्षार पाइपात वाळले की आत खरखरीत थर बसतो, ओ-रिंगा कापल्या जातात, जोड अडकतात. शेवटचे धुणे गोड्या पाण्याचे करता आले तर करावे.

गुंडाळण्यातही अक्कल आहे. खिळ्यावर टांगलेल्या पाइपाला त्या खिळ्याशी कायमची मोड पडते. भिंतीवर मोटारसायकलची जुनी रिम ठोकून तिच्यावर मोठ्या वेटोळ्यांनी ठेवावा. एकाच दिशेने गुंडाळत गेले तर पीळ भरतो, म्हणून एक फेरा सुलटा आणि एक उलटा घ्यावा. दोन-चार दिवसांत हाताला वळण पडते. खान्देशातल्या मे महिन्यात पारा त्रेचाळीस-चव्वेचाळीसला जातो. तेव्हा पत्र्यावर किंवा उघड्या टेम्पोत टाकलेला पाइप एका उन्हाळ्यात म्हातारा होतो. पेट्रोल, बॅटरीचे पाणी यांपासूनही दूर ठेवावा. गोदामात उंदीर असतील तर उंच टांगावा. उंदराने कुरतडलेला पाइप बाहेरून साधा दिसतो, आणि जोर दिला की तिथूनच जातो.

ओढणाऱ्या जाड पाइपाचे दुखणे निराळे. तो फुटून कुणाला इजा होत नाही, म्हणून त्याच्याकडे दुर्लक्ष होते. पण त्याला भेग पडली की ओढ कमी होते, गालिचा ओला राहतो, दुसऱ्या दिवशी वास येतो, आणि गिऱ्हाईक पैसे अडवते. यंत्र सुरू करून पाइपाच्या तोंडावर तळहात ठेवावा. हात घट्ट ओढला गेला तर ठीक. ढिला वाटला तर पाइपाच्या बाजूने कान लावत जावे, सूं सूं आवाज येईल तिथे भेग. याला मात्र चिकटपट्टीने तेवढ्या दिवसापुरती डागडुजी चालते. टोकाशी चिरला असेल तर चार बोटे कापून टाकावी आणि टोकाचे बूच पुन्हा आटे फिरवून बसवावे.

या ओढण्याच्या पाइपाची गोष्ट मोठी गमतीची आहे. १९०१ साली लंडनच्या ह्युबर्ट सेसिल बूथ नावाच्या अभियंत्याने धूळ ओढणारे यंत्र केले. ते एवढे अवजड होते की घोडागाडीवर ठेवून रस्त्यात उभे करीत आणि लांबच लांब पाइप खिडकीतून घरात नेत. १९०२ साली राजा सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकापूर्वी वेस्टमिन्स्टर ॲबीतले गालिचे त्याने असेच साफ केले. ज्याने हे यंत्र हातात धरण्याएवढे छोटे केले तो मात्र झाडूवालाच होता. अमेरिकेतल्या ओहायो राज्यात कँटन गावी जेम्स मरे स्पँग्लर एका दुकानात झाडलोट करी. गालिच्याची धूळ उडून त्याचा दमा वाढे. त्याने पंख्याची मोटार, झाडूचा दांडा आणि उशीचा अभ्रा जोडून यंत्र बनवले, १९०८ साली त्याचे पेटंट मिळवले. नाव पुढे हूव्हर या कारखानदाराचे झाले, कारण हक्क त्याने घेतले.

मजुरीचे राहिले. पाइप हे मालकाचे हत्यार आहे, तो जुना झाला तर बदलणे मालकाचे काम आहे. नुकसानीपोटी मजुरी कापायची तर ते नुकसान कामगाराच्या हयगयीने झाले असले पाहिजे आणि आधी त्याचे म्हणणे ऐकून घेतले पाहिजे, हे तत्त्व १९३६ च्या वेतन कायद्यात होते आणि २०१९ च्या वेतन संहितेतही आहे. पण तोंडी भांडणात कायदा कामाला येत नाही, पुरावा येतो. मोबाइल आज प्रत्येकाच्या खिशात आहे. सकाळी पाइपाच्या टोकाचा, तड्याचा फोटो काढून ठेकेदाराला पाठवावा आणि खाली लिहावे, "पाइप खराब आहे, बदलून द्या." तारीख-वेळ आपोआप पडते. स्वतःचे यंत्र घेऊन धंदा करणाऱ्या तरुणांनी एक वही ठेवावी: कोणता पाइप कधी घेतला, टोक कधी कापले. आणि पिशवीत एक जादा पाइप, चार ओ-रिंगा, वॉशर, टेफ्लॉनची पट्टी, पाना. एवढे जवळ असले तर गिऱ्हाइकाच्या दारातून काम अर्धवट टाकून परत यावे लागत नाही.

जाता जाता भगिनींसाठी. पाइपाची तपासणी शिकलाच आहात तर ओट्याखालची गॅसची नळीही पाहून घ्या. आयएसआय छाप असलेली केशरी सुरक्षा नळी पाच वर्षांनी बदलायची असते, तिच्या अंगावर साल छापलेले असते. ती दीड मीटरपेक्षा लांब नसावी, भिंतीतून किंवा फडताळातून नेलेली नसावी, शेगडीच्या ज्वाळेखालून जाऊ नये. गळतीचा संशय आला तर काडी ओढून पाहू नये, साबणाचा फेस लावावा, बुडबुडे येतात का पाहावे. वास येत असेल तर आधी रेग्युलेटर बंद, खिडक्या उघड्या, विजेचे बटण दाबायचे नाही, आणि घराबाहेर येऊन १९०६ या क्रमांकावर फोन.